चढावर थांबू नकोस

नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला होता. एका कोपऱ्यावर साखरेची बरणी, दुसऱ्यावर किटली, तिसऱ्यावर चष्म्याचं घर आणि चौथ्यावर वन्संचा कोपर.

"कोपर हलवू नका वन्सं, गुंडाळी होते."

"मग लवकर ठरव. माझा कोपर काही पेपरवेट नाही."

वन्सं म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. उभी हयात रुग्णवाहिका चालवण्यात गेलेली. निवृत्त झाल्या तरी गाडीत बसल्या की आधी मागे वळून बघायच्या, मागचं माणूस नीट आहे ना म्हणून. ती स्वतः बस डेपोत वेळापत्रकं बसवायची. कुठली गाडी कुठल्या वाटेने न्यायची, कुठल्या चढाला किती वेळ धरायचा, हे तिला पाठ असे. डेपोत तिचं नावच 'टाइमटेबल' पडलं होतं आणि चिडवायचं असलं की नवराही तेच म्हणायचा.

नवरा सुतार होता. गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर असतं ना, तसला एक जुना ट्रेलर त्याने घेतला आणि आतून सगळा लाकडाने मढवला. पलंग, ओटा, कप्पे, छपराला काचेची खिडकी. घरात सगळे त्याला डबा म्हणत. त्या डब्यातच, घाट चढताना, तो गेला. त्याला आता तीन वर्षं होत आली होती. तेव्हापासून डबा मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभा होता आणि तिने आत पाऊल टाकलं नव्हतं.

आता तो लेकीला हवा होता. लेक डोंगरापलीकडच्या शहरात राहायची. कुत्र्यांना अंघोळ घालायची, त्यांचे केस कापायचे, असा तिचा धंदा होता आणि डबा मिळाला की ती तो दारोदार नेणार होती.

"माझ्या भावाने रंधा मारमारून गुळगुळीत केलेल्या लाकडावर कुत्र्यांच्या अंघोळी," वन्सं म्हणाल्या. "चालायचंच. त्याला तरी माणसांपेक्षा कुत्रीच जास्त आवडायची."

ती हसली नाही. पेन्सिलीचं टोक तिने नदीकाठच्या रस्त्यावर ठेवलं. "हा रस्ता सगळ्यात सोपा. लांब आहे, पण सपाट. दोन दिवस लागतील."

"मग ठरलं."

"नाही ठरलं. पूल खचलाय. हलक्या गाड्या सोडतात, मागे काही जोडलेलं असलं तर नाही."

"बोगदा?"

बोगद्याचाही विचार तिने करून ठेवला होता. गॅसची टाकी घेऊन आत जाता येत नाही, म्हणून टाकी घरीच ठेवायची. आत ओव्हरटेक करायचा नाही, मागच्या गाडीने कितीही हॉर्न दिला तरी. सगळं जमत होतं. मग काल ती टेप घेऊन अंगणात गेली, ताडपत्री काढली आणि डब्याची उंची मोजली. छपरावरच्या काचेच्या खिडकीमुळे डबा बोगद्याच्या मर्यादेच्या वर जात होता. जास्त नाही, एक वीत.

"म्हणजे याने ती खिडकी बसवली नसती तर..." वन्सं म्हणाल्या.

"झोपून तारे बघायचे होते यांना."

"बघितले का कधी?"

"दोनदा. मग पाऊस गळायला लागला."

राहिला होता तो घाट. रेष वर वर चढत जाणारी, मध्येच दुमडलेली, टाचणीने टोचून टोचून काढल्यासारखी. वन्संनी चष्मा पुढे ओढला आणि बोट त्या रेषेवरून वर नेत नेत एका ठिकाणी थांबवलं.

"हे काय आहे? इथे रस्ता रुंद दाखवलाय."

"थांबायची जागा आहे. ट्रक गरम झाले की तिथे घेतात."

"चढाच्या मध्यावर?"

"हो."

वन्संनी बोट उचललं नाही. मग नकाशाकडेच बघत, भाजीत मीठ घातलंस का असं विचारावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी इथे का नाही थांबलीस?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. तीन वर्षं वन्सं मूग गिळून होत्या. चहा पिताना, औषधं आणताना, लेकीच्या घरी जाताना तो प्रश्न दोघींच्या मध्ये बसलेला असायचा.

त्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी सुतार म्हणाला होता की पाठ धरलीये, मी मागे आडवा होतो, तू चालव. चालत्या डब्यात बसायचं नसतं, तसा नियमच आहे, पण तो हट्टी. दोघांकडे दोन वॉकीटॉकी होते, मागे घेताना एकमेकांना सांगायला घेतलेले. एक त्याने नेला, एक तिच्या सीटवर. वर खिंडीत पोचल्यावर तिने दार उघडलं तेव्हा तो गार पडला होता. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी थांबणार होते," ती म्हणाली. "वेग कमी केला होता. पण हे म्हणाले, थांबू नकोस."

"कोण म्हणाला?"

"हे. वॉकीटॉकीवर. म्हणाले, चढावर थांबलीस तर गाडी उचलणार नाही. त्याच्या आधी पण बोलत होते. पुढचं वळण मोठं घे, गिअर दुसऱ्यात टाक. सगळा घाटभर."

वन्संनी चष्मा काढला. "अगं, डॉक्टर म्हणाले होते तो चढाच्या आधीच गेला. तू दार उघडलंस तेव्हा अंग कडक व्हायला लागलं होतं. मी विचारलंय त्यांना नीट. मला कळतं त्यातलं."

"मलाही सांगितलं त्यांनी."

"मग?"

"मग काय. म्हणून कुणाला बोलले नाही."

किटलीखालचा नकाशा ओला झाला होता. वन्संनी किटली उचलली, फडक्याने डाग टिपला, किटली परत ठेवली. "ट्रकवाले असतात त्याच लाइनीवर," त्या म्हणाल्या. "कुणीतरी कुणाला तरी सांगत असेल. घाबरलेल्या माणसाला सगळे आवाज घरचेच वाटतात."

"असेल," ती म्हणाली. पण मनात दुसरंच चाललं होतं, रोज चालायचं तेच. आवाज त्याचा असेल तर तो तेव्हा जिवंत होता आणि थांबलं असतं तर कदाचित वाचला असता. आणि डॉक्टरांचं खरं असेल तर तो गेल्यावरही तिच्याशी बोलत होता. दोन्हींतलं कुठलंही एक धरलं की दुसरं रात्रभर झोपू देत नसे. आणि तरीही ते शब्द तिने जपले होते, कारण तेच त्याचे शेवटचे होते.

घाटानेच जायचं ठरलं. वाऱ्याचा अंदाज बघून तिने दिवस काढला. निघायचं उजाडताना, म्हणजे घाट भर दुपारच्या आधी चढून होईल आणि इंजिन तापणार नाही. जड सामान डब्यात चाकांच्या वर, मागच्या टोकाला काही नाही, नाहीतर डबा शेपूट हलवतो. पायथ्याशी थांबून चाकं, हूक आणि ब्रेक बघायचे. पूर्ण रस्ता वन्सं चालवणार.

पायथ्यापर्यंत सगळं नेमकं तसंच झालं. तिथल्या पेट्रोल पंपाच्या मागे मोकळी जागा होती. तिने हूक तपासला, चाकांवर हात ठेवून बघितला. परत आली तर पुढची सीट रिकामी. डब्याचं दार उघडं आणि वन्सं पलंगावर बसून बूट काढत होत्या.

"हे काय?"

"तू चालव. मी इथेच बसते वरपर्यंत."

"वन्सं, नाही."

"शेकड्यांनी माणसं नेली मी मागे घालून. परक्यांची. एकेकाला पोचेपर्यंत बोलत ठेवलं. माझा भाऊ एकटा गेला." त्यांनी दुसरा बूट काढला. "तो कसा गेला ते मला बघायचंय. तेच छप्पर, तोच रस्ता. एकदाच."

"नियम आहे, चालत्या डब्यात..."

"नियम मला सांगतेस? मी लाल सिग्नल तोडायचा पगार घेतलाय." आणि त्यांनी पिशवीतून ते दोन वॉकीटॉकी काढले. तिच्या नकळत कपाटातून घेतलेले, चार्ज केलेले. "घे. दर वळणाला बोलेन. भुताने बोलायच्या आत मीच बोलते."

तिने पुष्कळ समजावलं. रागावली, शेवटी डोळ्यांत पाणी आलं. पण वन्सं एकदा हट्टाला पेटल्या की ती दगडावरची रेघ. त्या आडव्या झाल्या आणि पोटावर हात ठेवून छपरातल्या खिडकीकडे बघू लागल्या. तिने दार लावलं. लावताना कडी दोनदा निसटली.

पहिल्या वळणाला सीटवरचा वॉकीटॉकी खरखरला. "ऐकू येतंय का टाइमटेबलबाई? इथून काहीएक दिसत नाही. नुसतं आभाळ आणि त्यात माझे पाय."

"पाय कसे दिसतात?"

"वर घेतलेत. सूज उतरते."

तिला हसू आलं. जीव थोडा भांड्यात पडला. दुसऱ्या वळणाला वन्सं म्हणाल्या, खरखर फार आहे, कान किटले. मग काही वळणं नुसती इंजिनाची घरघर. रस्ता अरुंद होत गेला, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा आणि कठड्यापलीकडे काही नाही. आरशात डबा गुमान मागे येत होता.

"पुढचं वळण मोठं घे," वॉकीटॉकी म्हणाला.

आवाज वन्संचाच होता. थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली येणारा. तिने वळण मोठं घेतलं. घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की वन्संना आतून रस्ता दिसत नाही.

"वन्सं? कसं कळलं तुम्हाला वळण आहे ते?"

वॉकीटॉकी नुसता खरखरला. मग काही वेळाने, "दुसऱ्यात टाक."

"वन्सं, चेष्टा करू नका." मीच सांगितले त्यांना हे शब्द, नकाशावर, ती स्वतःला म्हणाली. थट्टा करताहेत. त्यांची थट्टा असलीच असते, आंबट. "वन्सं, माझ्याशी काहीतरी दुसरं बोला. लेकीचं बोला. पाय उतरले का?"

"दुसऱ्यात टाक," आवाज म्हणाला. ना राग, ना हसू. जवळच्या माणसाने सहज सांगावं तसा.

तिने दुसऱ्यात टाकला, कारण चढ खरंच खडा झाला होता. एकच गोष्ट आता तिच्या डोक्यात फिरत होती: मागच्या वेळीही आवाज असाच बोलत होता आणि मागे तो गार पडला होता. वन्संना रक्तदाब होता. सकाळी त्यांनी गोळी घेतली होती का? तिने बघितलं नव्हतं. घेतली का विचारायला तिने वॉकीटॉकी उचलला. समोर उजवीकडे रस्ता रुंद झाला. तीच जागा, कठड्याला ट्रकच्या धुराने काळा झालेला दगड.

तिचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबू नकोस," वन्संचा आवाज म्हणाला. "चढावर थांबलीस तर गाडी उचलणार नाही."

जसेच्या तसे शब्द. आणि आता त्या आवाजात घाई होती. त्या दिवशीही होती का? होती. इतकी वर्षं तिने त्याला काळजी समजलं होतं.

"थांबू नकोस गं. थोडंच राहिलंय. थांबू नकोस."

तिने ब्रेक दाबला. डब्याने मागून धक्का दिला, गाडी पुढे सरकली, सगळं कण्हलं आणि थांबलं. गाडी रुंद जागेत, पण डबा अर्धा चढावरच. हँडब्रेक ओढून ती खाली उडी मारून धावली. दगडात पाय अडखळला, गुडघा फुटला. कडी उघडेना. मग उघडली.

वन्सं डोळे मिटून पडल्या होत्या, तोंड अर्धवट उघडं. हात पोटावर तसेच.

ती किंचाळली. काय किंचाळली ते तिला नंतर आठवलं नाही, पण वन्संच्या म्हणण्याप्रमाणे तिने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा 'अगं' म्हटलं.

वन्संनी डोळे उघडले. "काय झालं? पोचलो?" मग बाहेर बघून त्या ताडकन उठल्या. "अगं ए शहाणे! चढावर थांबतात का? उचलेल का आता ही?"

ती दारातल्या पायरीवर बसली. तिला हुंदके आवरेनात. वन्संनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग नाडी बघावी तसं मनगट धरलं. सवयच ती.

"तुम्ही बोलत होता," ती म्हणाली. "वॉकीटॉकीवर. आत्तापर्यंत."

"मी? माझा केव्हाच डोळा लागला." त्यांनी उशीमागून स्वतःचा वॉकीटॉकी काढला आणि तिच्या हातात दिला. तो बंद होता. "फार खरखर करत होता म्हणून दुसऱ्या वळणालाच बंद केला. तुला सांगितलं ना, कान किटले म्हणून."

तिने बंद वॉकीटॉकीकडे बघितलं. वन्संनी तिच्या चेहऱ्याकडे. खालून एक ट्रक चढत आला, हॉर्न देऊन निघून गेला.

"काय म्हणाले मी?" वन्संनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

तिने सगळं सांगितलं.

वन्संनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तुला कधी 'गं' एवढं गोड म्हणत नाही."

"नाही."

"म्हणजे मी नव्हते."

"नाही." आणि हे म्हणता म्हणता तिला पुढचंही कळलं. तिने पदराने नाक पुसलं. "म्हणजे त्या दिवशी हेही नव्हते, वन्सं."

ते ऐकून हायसं वाटायला हवं होतं. वाचवता आलं असतं की काय ही टोचणी गेली होती. डॉक्टरांचं खरं होतं, तो आधीच शांतपणे गेला होता. पण आता ती आठवू लागली की मग तो शेवटचं खरोखर काय बोलला होता. पायथ्याशी, दार लावताना. पडदा ओढ, असं काहीतरी. की पडदा राहू दे? तिने तेव्हा नीट ऐकलंच नव्हतं, तिचं लक्ष आरशाकडे होतं. भलत्याच कुणाचे शब्द तिने इतके दिवस उराशी धरले होते आणि त्याचे स्वतःचे हातातून निसटून गेले होते.

"ऊठ," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज पुन्हा रुग्णवाहिकेचा झाला होता. "रडायचं असेल तर वर जाऊन. इथे नको. मला ही जागा आवडत नाही."

बूट घालून त्या स्टीअरिंगवर बसल्या. तिने चाकांच्या मागे दगड लावले. पहिल्या वेळी गाडी नुसती थरथरली आणि क्लच जळाल्याचा वास आला. दुसऱ्या वेळी एक दगड निसटला आणि डबा हातभर मागे आला, कठड्याच्या बाजूला. "दगड!" वन्सं ओरडल्या. तिने मोठा धोंडा दोन्ही हातांनी ढकलत आणून चाकाखाली सारला. तिसऱ्या वेळी टायर किंचाळले, धूर आला, आणि गाडी उचलली.

"थांबवू नका!" ती ओरडली. "तशाच वर घ्या, मी चालत येते!"

डबा हळूहळू वर गेला. वन्संचा हात खिडकीबाहेर होता, तिला दिसावा म्हणून मुद्दाम बाहेर धरलेला. ती मागे चालत निघाली. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. कातळावरून पाणी झिरपत होतं. दोन्ही वॉकीटॉकी तिच्या कोटाच्या खिशात होते, एक बंद, एक धावपळीत चालूच राहिलेला.

तो खरखरला. मग खरखर थांबली आणि कुणीतरी श्वास घेतल्यासारखं झालं.

"अगं..."

एवढाच शब्द. आवाज वन्संचा नव्हता. कुणाचा आहे हे कळायला आणखी एक शब्द पुरला असता. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. सबंध अंग कान झालं होतं. तो बोलला असता तर तिने कदाचित ऐकलं असतं, पुढच्या घाटभर, जन्मभर. वर वळणावर वन्संचा हात अजून दिसत होता.

तिने खिशात हात घालून बटण फिरवलं. खट्‌ असा आवाज झाला. मग ती चालू लागली, आणि चालता चालता मोठ्याने रडली.

खिंडीत वन्सं तिची वाट बघत उभ्या होत्या. पलीकडचा उतार दोघींनी पुढेच बसून उतरला. पहिला गिअर, इंजिनाच्या जोरावर, ब्रेक जपत. खालच्या गावातल्या कचरापेटीत तिने दोन्ही वॉकीटॉकी टाकले, बॅटऱ्या वेगळ्या करून.

लेक फाटकातच उभी होती. गाडी डब्यापासून सोडवली तेव्हा ती आईचा फुटलेला गुडघा, आत्याचा चेहरा बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने पलंग काढायला घेतला, तिथे टब बसवायचा होता. आई, तुला चालेल ना, असं तिने दोनदा विचारलं. ती म्हणाली, "काढ. मी धरते." दोघींनी मिळून फळ्या सुट्या केल्या. खालच्या बाजूला सुताराने पेन्सिलीने मापं लिहिली होती, आणि एका फळीवर चुकलेलं माप खोडून स्वतःलाच एक शिवी. लेक खूप हसली. तीही हसली. ती फळी तिने मागून घेतली.

डबा आता त्या शहरात फिरतो. लेक म्हणते, कुत्री आनंदाने आत चढतात, कुणी कान टवकारत नाही, कुणी भुंकत नाही. आईची झोपही सुधारली आहे. नवऱ्याची आठवण आता नुसती आठवण म्हणून येते, प्रश्न घेऊन येत नाही.

बदलल्या त्या वन्सं. ज्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, त्या आता मोजकं बोलतात. आपला आवाज घेऊन कुणीतरी बोललं, आपण झोपलेल्या असताना, ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नाही. आजही सकाळी भेटल्या की कधी कधी विचारतात, "काल मी तुला काही म्हणाले का गं?" आणि फोन केला की आधी म्हणतात, "मीच आहे हं. मीच." मग जेवण, गुडघा, हवा, काय ते.

परवा दुपारी तिचा फोन वाजला. तिने उचलला.

"काय करतेस?" पलीकडून वन्संचा आवाज म्हणाला.

फोन कानाला तसाच धरून ती खिडकीपाशी उभी राहिली. मग पलीकडे कुणीतरी खोकलं.

"अगं, मीच आहे," वन्सं म्हणाल्या. "सांगायचं राहिलं."

"बोला," ती म्हणाली.